रायफलची नळी आणि झेरॉक्सच्या कागदाएवढी फट

गेल्या उन्हाळ्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला कुणी गडी, त्याचं गॅरेज, कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र आणि टेबलावरच्या वाइसमध्ये आवळलेली रायफल. त्याने जुनी नळी फिरवून काढली, खोक्यातून नवी काढून फिरवून बसवली, पोलादाचा गोळीच्या आकाराचा एक तुकडा आत घालून बघितला, मान हलवली आणि हात पुसले. वीस मिनिटांत खेळ खलास. खाली भाच्याचा मेसेज: ‘मामा, हे तर आपल्या लेथवर होऊन जाईल ना?’

माझं वर्कशॉप भुसावळहून वरणगावकडे जाताना लागतं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचे पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, बुश, फ्लँज, असली कामं. आटे पाडण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे भाच्याला वाटलं त्यात त्याची चूक नाही. लिहिलं, ‘नाही होणार, आणि करायला गेलास तर जेलमध्ये तुझा डबा मलाच पोचवावा लागेल.’ पोराने हसण्याचे चार चेहरे पाठवले आणि विचारलं, ‘पण का नाही होणार?’

कायद्याचं उत्तर छोटं आहे, ते पुढे देतो. यंत्राचं उत्तर मोठं आहे आणि मला विचाराल तर जास्त मजेदार आहे.

बोल्ट-अ‍ॅक्शन या नावाला घाबरू नका. जुन्या वाड्याच्या दाराची लोखंडी कडी आठवा. पुढे सरकवायची, मग मूठ खाली वळवायची, की दार बंद. रायफलचा बोल्ट तसाच चालतो. दांडा पुढे ढकलला की काडतूस आत जातं, दांडा खाली वळवला की बोल्टच्या तोंडाशी असलेले दोन जाड कान आतल्या खाचांत अडकतात आणि मागची बाजू बंद होते. गोळी मारल्यावर दांडा वर, मागे, की रिकामी पुंगळी बाहेर.

म्हणजे मुख्य तुकडे तीन. पुढे नळी. मध्ये तिला धरणारा पोलादी सांगाडा, त्याला रिसीव्हर म्हणतात. आणि रिसीव्हरच्या आत मागेपुढे सरकणारा बोल्ट. नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी फिरवून बसवलेली असते, पाइपात सॉकेट बसवतो तशी. नळीच्या मागच्या टोकाला आतून काडतुसाच्या आकाराची खोबण कोरलेली असते, ती चेंबर. काडतूस त्यात बसतं, बोल्ट त्याला मागून टेकू देतो.

इथपर्यंत सगळं पाइपफिटिंगच वाटतं. आता आत काय होतं ते बघा.

तुमच्या मोटारसायकलच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते. .३०८ विंचेस्टर नावाचं एक काडतूस आहे, शिकारी आणि नेमबाज दोघांत चालणारं. त्याची दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. हा दाब काडतुसाच्या पितळी पुंगळीत तयार होतो, आणि जेवढा गोळीला पुढे ढकलतो तेवढाच पुंगळीच्या बुडाला मागे ढकलतो. बुडाचं क्षेत्रफळ धरून हिशेब केला तर बोल्टवर तीन टनांहून जास्त जोर येतो. एक पूर्ण ट्रॅक्टर त्या दोन कानांवर ठेवल्यासारखा, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी. आणि तुमचा गाल त्याच्यापासून वीतभर मागे.

या सगळ्यात पुंगळी पितळेचीच का, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. पोलाद स्वस्त आणि कणखर, मग महागडं मऊ पितळ कशाला? तर ते मऊ आहे म्हणूनच. दाब आला की पातळ पितळ फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला चिकटून बसतं. वायू मागे यायची वाटच बंद. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसतं आणि पुंगळी सहज बाहेर निघते. पंपातलं वॉशर, तेच काम.

पण वॉशरच्या मागे आधार लागतो. चेंबर आणि बोल्ट यांच्यामध्ये पुंगळीला बरोबर तिच्या लांबीची जागा मिळाली तर ती सुखाने फुगते. जागा जास्त असेल तर पुढची पातळ बाजू आधी भिंतीला घट्ट चिकटते आणि जाड बूड मागच्या रिकाम्या जागेत ढकललं जातं. एक टोक धरलेलं, दुसरं ओढलेलं, मधलं पितळ ताणलं जातं. अशा रायफलमधून निघालेली पुंगळी हातात घेतली तर बुडाच्या थोडं वर सभोवार एक चकचकीत कडं दिसतं. तिथे पितळ पातळ झालंय. ती पुंगळी पुन्हा भरून वापरली, किंवा फट आणखी मोठी असली, तर त्या कड्यावर ती फाटते आणि ६२,००० पीएसआयचा वायू मागे बोल्टकडे सुटतो. डोळ्यांवर चष्मा का हवा, ते तेव्हा कळतं.

ही जी जागा, बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतची, तिला हेडस्पेस म्हणतात. या लेखातला जड शब्द हा एवढाच.

बाटलीच्या आकाराच्या काडतुसांत ही टेकण्याची जागा म्हणजे खांदा, जिथे पुंगळी निमुळती होऊन मानेकडे जाते. पण खांदा उतरता असतो, मग मोजायचं कुठून? त्यासाठी खांद्यावर एक ठरावीक व्यास धरतात. .३०८ मध्ये खांद्याचा व्यास जिथे बरोबर ०.४०० इंच होतो तिथपर्यंत बोल्टच्या तोंडापासून किती अंतर, ते हेडस्पेस. किमान १.६३० इंच.

आणि किती चालतं? हे मोजायला पोलादाचे घासून आकार दिलेले, काडतुसासारखे दिसणारे गेज असतात. भाच्याच्या व्हिडिओतल्या माणसाने आत घालून पाहिलं ते हेच. एक ‘गो’, १.६३० इंचाचा: त्याच्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसरा ‘नो-गो’, १.६३४ इंचाचा: त्याच्यावर बोल्ट बंद होता कामा नये. दोघांमध्ये फरक चार थाऊचा. लेथवर काम न केलेल्यांसाठी सांगतो, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चार थाऊ म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा साधा पांढरा कागद घ्या, एकच. त्याच्या जाडीएवढ्या जागेत हा सगळा कारभार चालतो. वापरून झिजलेल्या रायफलीसाठी तिसरा गेजही असतो, १.६३८ चा. त्याच्यावरही बोल्ट बंद झाला तर ती रायफल भिंतीवर टांगायची.

गो आणि नो-गो ही माझ्यासाठी नवी गोष्ट नव्हती. आमच्या गल्लीत एक आबा राहतात, वरणगाव आयुध निर्माणीतून तपासणी विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. ही फॅक्टरी १९६४ पासून रायफलच्या गोळ्या बनवते. २०२१ मध्ये देशभरच्या आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या तेव्हा ती म्युनिशन्स इंडियाकडे गेली. आत काय होतं याबद्दल आबांनी तीस वर्षांत तोंड उघडलेलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. पण गेज म्हटलं की ते खुलतात. एकदा माझ्या वर्कशॉपात चहा घेताना त्यांनी व्हर्नियरकडे बोट करून म्हटलं होतं, ‘भो, याच्याने मोजशील तर तुला आकडा मिळेल, अन् आकडा वाचणारा माणूस सकाळी वेगळा वाचतो, जेवण झाल्यावर वेगळा. गेजला आकडाच नसतो. जातो, नाहीतर जात नाही.’

हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण त्याच्या वर्षभर आधी मी एक घोळ करून बसलो होतो. सबमर्सिबल पंपाचा शाफ्ट होता. बेअरिंगची बैठक दोन थाऊ बारीक झाली. मला माहीत होतं. गिऱ्हाईक दारात उभं, मे महिना, केळी पाण्याविना. ‘चालून जाईल,’ म्हणून देऊन टाकला. आठवड्याभरात बेअरिंग शाफ्टवरच गरगर फिरायला लागलं, शाफ्ट खाऊन टाकला, मोटर पुन्हा वर ओढावी लागली. दोन थाऊ! त्या माणसाने मला काही बोललं नाही, नुसता जुना शाफ्ट टेबलावर ठेवून निघून गेला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पंपात दोन थाऊ चुकले तर केळी सुकते. रायफलीत चुकले तर काय, ते वर लिहिलंच आहे.

आता खरा प्रश्न. एवढं नाजूक माप असेल तर तो अमेरिकन गॅरेजात वीस मिनिटांत नळी कशी बदलतो? याचं उत्तर नळी रिसीव्हरमध्ये कशी बसते त्यात आहे, आणि त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

सगळ्यात जुनी आणि अजूनही सर्रास दिसणारी तऱ्हा खांद्याची. १९६२ ची रेमिंग्टन ७०० घ्या, नळीला पायरी असते. आट्यांवर फिरवत न्यायची आणि पायरी टेकली की आवळायची. रेमिंग्टनमध्ये पायरी आणि रिसीव्हर यांच्या मध्ये एक जाड चकती सँडविचसारखी दाबून धरलेली असते, धक्का लाकडावर पोचवणारी. नळी कुठे थांबणार हे पायरीने ठरवून टाकलं. म्हणजे हेडस्पेस जुळवायचं तर चेंबरच त्या रिसीव्हरच्या मापाने कोरावं लागतं. गनस्मिथ रिसीव्हर मोजतो, नळी लेथवर लावतो, रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं हत्यार, थोडा आत घालतो, काढतो, साफ करतो, नळी बसवून गो गेज घालून बघतो, पुन्हा काढतो. शेवटी शेवटी एकेक थाऊ. एकदा जास्त कोरलं गेलं तर पितळ लावून भरता येत नाही. पायरी आणखी कापून पुन्हा सगळं करावं लागतं. हे घरचं काम नाही. माझं लेथ पुरेसं चांगलं आहे, माझा हात कदाचित पुरेसा आहे, पण हे माझंही काम नाही.

दुसरी तऱ्हा १९५८ साली आली. सॅव्हेज या अमेरिकन कंपनीच्या ११० नावाच्या रायफलीत नळीला पायरीच ठेवली नाही. नळीवर लांबवर आटे, आणि त्यावर एक मोठा नट. चेंबर कारखान्यातच कोरून झालेलं. नळी फिरवत आत न्यायची, बोल्टमध्ये गो गेज ठेवलेलं असतं, चेंबर जाऊन त्या गेजला टेकलं की थांबायचं आणि नट आवळून नळी तिथेच पकडायची. कंपनीला हे स्वस्तात रायफल बनवायला हवं होतं. घरी नळी बदलणाऱ्यांची सोय ही मागाहून लोकांच्या लक्षात आलेली गोष्ट.

ज्याने लहानपणी सायकलचं चाक उघडलंय त्याला हे एका क्षणात कळेल. एक्सलवर कोन असतो आणि त्याच्या मागे चेकनट. कोन फिरवत छऱ्यांना टेकवायचा, जास्त नाही, कमी नाही, आणि चेकनट आवळून तिथे धरायचा. आणि काय होतं? बोटाने बघितलं तेव्हा चाक अगदी हलकं फिरत होतं, चेकनट आवळला की ते जड झालेलं असतं. कारण आट्यांमध्ये नेहमी थोडा खेळ असतो. नट आवळताना तो खेळ एका बाजूला ओढला जातो आणि कोन केसभर सरकतो. सायकलवाला मग काय करतो? कोन आधीच किंचित ढिला ठेवतो, म्हणजे आवळल्यावर बरोबर येतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, दहा वेळा चुकून कळलेलं असतं.

सॅव्हेजच्या नटाचंही तेच. नट आवळल्यावर माप एखाद्या थाऊने सरकतं. म्हणून आवळल्यानंतर दोन्ही गेज पुन्हा घालून बघायचे, आणि तेव्हा जे दिसेल तेच खरं. व्हिडिओत हा भाग कापलेला असतो, किंवा इतका पटकन उरकलेला असतो की बघणाऱ्याला ती सवय वाटते, तपासणी वाटत नाही. या नळीवर इंचाला २० आटे असतात. म्हणजे नळीचा एक फेरा ५० थाऊचा. गो आणि नो-गो यांच्यातले चार थाऊ म्हणजे घड्याळाचा छोटा काटा बारावरून एकवर येतो, जवळपास तेवढंच फिरणं. डोळ्याला दिसतं, हाताला जाणवतं. माणसाच्या आवाक्यातलं माप आहे ते. हीच त्या नटाची खुबी: बारीक अंतर त्याने मोठ्या फिरण्यात पसरून दिलं.

तिसऱ्या तऱ्हेत हिशेबच बदलतो. ब्लाझर या जर्मन कंपनीच्या १९९३ च्या आर९३ रायफलीत बोल्टचं तोंड रिसीव्हरमध्ये अडकतच नाही, थेट नळीत अडकतं. प्रेशर कुकरचं झाकण भांड्याच्या कडेला अडकतं, ओट्याला नाही; ओटा बदला, शेगडी बदला, झाकण आणि भांडं यांचं नातं तेच राहतं. तसंच इथे. जे अंतर सांभाळायचं ते नळी आणि बोल्ट यांच्यामध्येच आहे, आणि ते कारखान्याने बनवतानाच बांधून दिलंय. दोन स्क्रू ढिले केले की नळी निघते, दुसरी बसते. शिकारीला जाताना सुटकेसमध्ये नेतात लोक.

आता पुढचं बघा. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत पायरीवाल्या नळ्यासुद्धा टपालाने मागवून घरी बसवतात. काही कारखाने रिसीव्हर इतके एकसारखे कापतात की नळी बनवणाऱ्याला तुमचा रिसीव्हर बघायचीही गरज नाही. माप त्याच्याकडे कागदावर आहे. म्हणजे गॅरेजातल्या माणसाचं कसब वाढलं असं नाही. ते कसब त्याच्या हातातून निघून कारखान्याच्या सीएनसी मशीनमध्ये, नटाच्या आट्यात, गेजच्या पोलादात जाऊन बसलंय. तो फक्त तपासतो. भाच्याला मी हेच समजावत होतो. तू व्हिडिओत एक माणूस बघतोस. मला त्याच्या मागे उभे असलेले, न दिसणारे चार टर्नर आणि एक तपासनीस दिसतात.

नळी बदलतातच कशाला, हा प्रश्न आबांच्या मुलाने विचारला. पोलाद झिजतं म्हणून. आणि बहुतेकांना वाटतं तसं गोळीच्या घासण्याने कमी, आगीने जास्त. बारुदाचा वायू पोलाद वितळतं त्याहून गरम असतो. तो टिकतो क्षणभर म्हणून नळी वाचते. पण चेंबरच्या लगेच पुढचे दोन-तीन इंच रोज भाजून निघतात. तिथे बारीक कॅमेरा घालून पाहिलं तर पृष्ठभाग असा तडकलेला दिसतो की मला आमच्याकडच्या मे महिन्यातल्या काळ्या जमिनीची आठवण झाली, तशाच जाळीदार भेगा. मग गोळी नळीच्या आतल्या, तिला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचांना नीट धरत नाही आणि निशाण पसरायला लागतं. .३०८ सारख्या मवाळ काडतुसाची नळी काही हजार गोळ्या निवांत काढते. लहान बोअर, म्हणजे नळीचं भोक लहान, आणि मागे बारुदाचा मोठा ढीग असं काडतूस असेल तर नेमबाजाची नळी दोन हजारांच्या आतच म्हातारी होते. स्पर्धेत उतरणाऱ्यासाठी नळी ही टायरसारखी खर्चाची वस्तू.

त्या नळीचं पोलाद, गंमत म्हणजे, माझ्या रॅकवर आहे. अमेरिकन लोक ज्याला ४१४० म्हणतात ते आपल्या बाजारात ईएन१९ च्या नावाने मिळतं. मी त्याचे शाफ्ट बनवतो. पण पोलाद सारखं म्हणून नळी होत नाही. दोन फूट लांब भोक सरळ पाडणं, त्यात पिळाच्या खाचा सारख्या खोलीच्या काढणं, आतला ताण काढणं, हे स्वतंत्र शास्त्र आहे. आमच्याकडे पेपरात ‘गावठी कट्टा जप्त’ अशा बातम्या येतात. तो कट्टा म्हणजे कुठल्यातरी पाइपाची नळी, माप नाही, गेज नाही, मागचा आधार देवाच्या भरवशावर. तो पुढच्यापेक्षा धरणाऱ्याला जास्त जवळ असतो.

नळी बदलून बोअरही बदलतात, मोठ्या काडतुसाची रायफल लहान काडतुसाची करतात. इथे एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. आपल्या पोलिसांच्या हातात कित्येक दशकं असलेली .३०३ म्हणजे ली-एनफिल्ड. तिच्या काडतुसाला बुडाशी कड असते आणि ते खांद्यावर नाही, त्या कडेवर टेकतं. तिच्या नंतरच्या ‘नंबर ४’ मॉडेलमध्ये हेडस्पेस जुळवायची सोय बोल्टमध्येच होती: बोल्टचं तोंड वेगळं निघतं, आणि ० ते ३ असे क्रमांक टाकलेली, जराजराशी लांबी वाढवलेली तोंडं असायची. फट वाढली की नळीला हात न लावता पुढचा क्रमांक लावायचा. सैन्याच्या शस्त्रागारातल्या मिस्त्रीसाठी यापेक्षा सोपं काय असणार!

१९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने याच घराण्यातली रायफल ७.६२ मिलिमीटरच्या नव्या, बिनकडेच्या काडतुसासाठी काढली, २ए आणि मग २ए१ या नावाने. बाहेरून बघाल तर जुनीच. पण नुसती नळी बदलून ती झालेली नाही. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून रिसीव्हरचं पोलाद बदललं. कड नाही, म्हणून पुंगळी ओढणारा आकडा बदलला. मॅगझिन बदललं. व्हिडिओ बघून ‘नळी बदलली की झालं’ वाटतं, तेव्हा ही रायफल आठवावी.

आता कायदा, आणि तो आपल्याकडे वादाला जागा ठेवत नाही.

अमेरिकेत कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे रिसीव्हर, ज्याच्यावर नंबर असतो. नळी हा सुटा भाग, टपालाने येतो. म्हणून ते व्हिडिओ. ब्रिटनमध्ये नळीलाही परवाना लागतो, आणि नवी नळी बसवलेली बंदूक विकायची तर आधी लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जादा दाबाचं काडतूस उडवून शिक्का घ्यावा लागतो; ते सन १८६८ च्या कायद्यापासून तसंच आहे.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे शस्त्राचे सुटे भागही, आणि शस्त्र बनवायची यंत्रंसुद्धा. म्हणजे परवान्याशिवाय नुसती नळी घरात असणं हाच गुन्हा. कलम ५ प्रमाणे बनवणं, दुरुस्त करणं, रूपांतर करणं यालाही वेगळा परवाना लागतो; तुमच्याकडे बंदूक बाळगायचा परवाना असला तरी तिची नळी बदलायचा अधिकार त्यात येत नाही. कलम ६ नळी आखूड करण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय बनवणं-दुरुस्त करणं यासाठी किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. माझ्या लेथवर कुणी ‘साहेब, हे एवढं आटे पाडून द्या,’ म्हणत बंदुकीचा भाग घेऊन आला, तर तो माझाही गुन्हा. टर्नर लोकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरांच्या त्रासापायी पीकसंरक्षणाचा परवाना घेतलेले शेतकरी आहेत. निवडणूक आली की त्यांची बारा बोर बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत. त्यातल्या कुणाची बंदूक बिघडली तर वाट एकच: परवाना असलेला बंदूक दुरुस्तीवाला, आणि काही बदलायचं असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारणा. परवान्यावर बोअर आणि नंबर लिहिलेला असतो, वस्तू त्याच्याशी जुळली पाहिजे.

भाचा याने थोडा हिरमुसला. त्याला बंदुकीत रस नाहीच खरं तर, यंत्रात आहे. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा आमच्या रेल्वेच्या गावात ‘आपल्या मध्य रेल्वेचा टीसी’ म्हणून पेढे वाटले होते; तेव्हापासून पोराच्या डोक्यात हे शिरलंय. त्याला म्हटलं, पुण्यात रेंजवर जा, रीतसर शीक, बोल्ट हातात घे. नळी उघडायची खाज असेल तर दिवाळीला इकडे ये.

आला. वर्कशॉपच्या मागे माझी जुनी सायकल पडलेली आहे, तिचं पुढचं चाक त्याच्या हातात दिलं. ग्रीस काढलं, छरे मोजले, नवं ग्रीस, कोन बोटांनी टेकवला, चाक फिरवलं. छान फिरत होतं. मग त्याने चेकनट आवळला आणि पुन्हा फिरवलं. चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

‘मामा, जड झालं.’

‘मग सोड. परत लाव.’

तिसऱ्या वेळेला त्याने कोन मुद्दाम किंचित ढिला सोडला, आवळला, आणि चाक फिरवून गप्प उभा राहिला. मी आतून चहा घेऊन येईपर्यंत ते फिरतच होतं.